लागन तं मांगजा

पोळीचे आठ समान भाग हातानं, न बघता, गप्पा मारता मारता करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नेमका तोच माझा सासरा निघाला.

वर्धा जिल्ह्यातल्या आंजी मोठी या गावी माझी सासुरवाडी आहे. गावाच्या नावातच 'मोठी' असल्यामुळे लग्नाआधी माझ्या काही अपेक्षा झाल्या होत्या. त्या घरात स्वयंपाक सासूबाई करायच्या आणि वाढण्याचं खातं सासऱ्यांकडे. सासरे म्हणजे नामदेवराव, ज्यांना आम्ही बाबा म्हणतो. पाहुणा ताटावर बसला की बाबा त्याच्या समोर बुटकं स्टूल घेऊन बसायचे. आजूबाजूला पोळ्यांचा डबा, भाजी-वरणाची पातेली (तिकडे त्यांना गंज म्हणतात), सगळ्यांवर घट्ट झाकणं. मग बाबा डबा उघडून पोळीचा एक तुकडा काढायचे, शेजारी चमचाभर वांग्याची भाजी, लिंबाएवढा भात, त्याच्या डोक्यावर वरणाचा टिळा आणि कडेला ठेच्याचं बोट. एवढं झालं की सगळी झाकणं परत बसायची, डब्याच्या झाकणावर बाबांचा उजवा हात यायचा आणि ते म्हणायचे, "लागन तं मांगजा."

लागलं तर मागा. एवढं बोलून ते माझ्याकडे बघत बसायचे. ताटाकडे नाही, माझ्याकडे.

आता मी मिरजेचा. आमच्याकडे नको म्हणणं हे पाहुण्याचं काम आणि ते ऐकू न येणं हे यजमानाचं. आम्ही ताटावर आडवा हात धरला तर बोटांच्या फटीतून आमटी खाली उतरते. माझ्या एका मावशीनं तर हात धरलेल्या पाहुण्याच्या थेट हातावर श्रीखंड वाढलं होतं आणि त्या बिचाऱ्यानं ते चाटून संपवलं, कारण तसा हात धुवायला जाणं बरं दिसलं नसतं. अशा प्रदेशात 'लागलं तर मागा' असं कुणी म्हणालं तर त्याचा अर्थ पातेलं रिकामं झालं, आता हात धुवा, एवढाच होतो.

लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा निदान अर्धी पोळी मिळाली होती. ती चार घासांत संपली. मी थांबलो. बाबाही थांबले. डोक्यावर पंखा फिरत होता, बाहेर कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर गाणी लागली होती, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो होतो. शेवटी मीच म्हणालो की झालं, पोट भरलं. बाबा पडलेल्या आवाजात "बरं" म्हणाले आणि उठले. तो आवाज मला दिवसभराच्या दगदगीचा वाटला.

मग मी पुढच्या खोलीत आडवा व्हायचो आणि आत बायकांची पंगत बसायची. तिलाही बाबाच वाढत. आतून हसण्याचे आणि झाकणांचे आवाज बराच वेळ येत राहायचे. रिकामी भांडी घासायला काढलीत, अशी मी समजूत करून घेत असे.

माणूस कंजूस म्हणावा तर तसंही नव्हतं. रस्त्यानं जाणाऱ्या ओळखीच्या माणसाला चहाला ओढून आणायचे. मला दर खेपेला कपडे करायचे, तेही माझ्या मापाचे, न विचारता. ते माप त्यांना कसं कळायचं, ही बाबांची दुसरी गंमत. त्यांची सगळी नोकरी एका जिनिंगच्या वजनकाट्यावर झाली. कापसाच्या गाड्या तोलून तोलून नजर अशी बसली होती की समोर येईल त्याचं वजन सांगितल्याशिवाय त्यांना राहवायचं नाही. टरबूज असो, बकरा असो, नवरी मुलगी असो. एका लग्नात त्यांनी स्टेजवरच्या वरमाईचं वजन मोठ्यानं सांगितलं होतं आणि त्या घराशी येणंजाणं अजून बंद आहे. गावात म्हणायचे की काटा बिघडला तर नामदेवरावला बोलवा.

साहजिकच मी बसमधून उतरलो की आधी माझं वजन व्हायचं. बाबा दोन पावलं मागे सरकून मला वरून खाली बघायचे आणि काळजीनं म्हणायचे, "जवाईबुवा, मागच्या खेपेपेक्षा उतरले तुमी. तब्येतीले जपत जा जी." आणि तासाभरानं याच तब्येतीपुढे चतकोर पोळी ठेवून डब्याचं झाकण लावायचे. यातला विनोद त्यांच्या लक्षात येत नव्हता आणि मला तेव्हा हसू येत नव्हतं.

माणूस किती दिवस सोसणार. एका मुक्कामात मी पाय मोकळे करून येतो असं सांगून बस स्टँड गाठला आणि तिथल्या टपरीवर आलूबोंडे मागवले. पहिला बोंडा पोटात गेल्यावर मला आजूबाजूचं जग दिसू लागलं. दुसरा चालू असताना टपरीवाला जवळ येऊन म्हणाला, "तुमी काटेवाल्या नामदेवरावचे जवाई ना जी? घरी सयपाक नाई झाला काय?" मी सांगितलं की मला आलूबोंडा फार आवडतो, आमच्याकडे असा मिळत नाही. त्याला ते पटलं नसावं, कारण मी रमतगमत घरी पोचेपर्यंत बातमी माझ्या आधी चहा पिऊन गेली होती.

बाबांनी काही बोलून दाखवलं नाही. बोंडा गरम होता का, एवढंच विचारलं. मला वाटलं, चला, आता तरी लाजेकाजेनं ताट भरेल. संध्याकाळी मोठ्या आशेनं बसलो तर चतकोराचा नितकोर झाला होता. पोळीचा आठवा भाग. आणि 'लागन तं मांगजा' मात्र नेहमीपेक्षा जास्त आर्जवानं, जवळजवळ विनवणी केल्यासारखं. मी तो तुकडा एका घासात संपवला आणि ताटाला नमस्कार केला.

परतीच्या प्रवासात वैशालीशी, म्हणजे माझ्या बायकोशी, भांडण झालं. तुमच्या घरी माणसाला उपाशी मारतात, असं मी म्हणालो. एरवी ती माझ्याशी मिरजेत रुळलेली भाषा बोलते, पण संतापली की थेट आंजीत पोचते. "मांगाले तोंड नाई काय तुमाले? बाबा दर टायमाले म्हणते ना, मांगजा म्हून?"

तिनं सांगितलं ते असं. त्या घरात लहानपणापासून सगळे मागूनच जेवतात. बाबा एवढंसं वाढतात, मग ज्याला जे हवं ते त्यानं मागायचं. आत बायकांच्या पंगतीत जो आवाज असतो तो मागण्याचाच असतो, आणि ती स्वतः तिथे पाच-सहा पोळ्या खाऊन उठते. मी ऐकून थक्क झालो. बाबा असं का करतात, असं विचारलं तर तिला माहीत नव्हतं. बाबांचं तसंच आहे, म्हणाली. ती एकुलती एक, तिला दुसरं घर ठाऊक नाही.

पण मागायचं म्हणजे काय? सासुरवाडीत, जावयानं, तोंड उघडून पोळी मागायची? आमच्याकडे असं झालं असतं तर माझी आई आठवडाभर तोंडावर पदर घेऊन हिंडली असती. मी ठरवलं की भुकेनं चक्कर आली तरी चालेल, पण मागणार नाही. यात हट्ट होता हे आता कळतं. तेव्हा तो मला स्वाभिमान वाटत होता. आणि तिकडे बाबांनी काय ठरवलं होतं ते मला ठाऊक नव्हतं. मी मागत नाही म्हणून ते दर खेपेला आणखी कमी वाढत होते, म्हणजे कधीतरी भूक लागून मी मागेन. मी दर खेपेला आणखी खंबीर होत होतो. दोन्ही बाजू शर्थीनं लढत होत्या आणि माझ्या पँटी ढिल्या होत होत्या.

अशात अधिक महिना आला. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा सण. बोलावणं आलं तसा मी मनाशी म्हणालो की आता तरी रीत म्हणून का होईना, पोटभर मिळेल. घरात पाऊल टाकलं तर तुपाचा आणि पुरणाचा वास सुटला होता. मला पाटावर बसवलं, ओवाळलं, नवे कपडे दिले आणि तांब्याच्या तबकात तेहतीस अनारशांचं वाण माझ्या हातात ठेवलं. मी त्या अनारशांकडे बघतच होतो, तेवढ्यात वैशालीनं तबक काढून घेऊन पिशवीत घातलं, कारण वाण माझ्या आईकडे न्यायचं होतं. मग पान वाढलं. पानात पुरणाचा एक धोंडा, त्यावर तुपाची धार, भजी एक. बाबांनी झाकणं लावली. "जवाईबुवा, आज तं लागन तं मांगजा."

मी हात जोडले. बाबा गुडघ्यावर हात टेकत उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत अंगणात उभा होतो. फाटकाशी शेजाऱ्यांची गाय उभी होती, आणि सासूबाई तिच्यापुढे टोपली रिकामी करत होत्या. टोपलीत पोळ्यांची चवड होती. पोळ्यांवर धोंडे होते. धोंड्यांवर भजी होती. शेजारीणबाई कुंपणावरून मला बघून कौतुकानं म्हणाल्या, "जवाई आले का आमच्या गाईची मजा राह्यते जी." मी त्या गाईला नीट पाहिलं. अंग कसं तुकतुकीत, मान भरलेली. माझ्या लग्नापासूनची सगळी जेवणं माझ्यासमोर उभी होती आणि शांतपणे रवंथ करत होती.

ब्रश हातात तसाच. मी सासूबाईंना विचारलं की हे कुणासाठी केलं होतं.

"कोणासाठी म्हंजे? तुमच्यासाठीच जी," त्या म्हणाल्या. "दर खेपेले तुमच्यासाठीच करत राह्यली. हे वाढत नाईत, तुमी मांगत नाई. तुमच्या दोघाच्या मंधात मी गाय पोसून राह्यली." आणि त्या हसता हसता ओट्यावर बसल्या आणि मलाही बसा म्हणाल्या. बाबा दूध आणायला गेले होते.

मग जे वैशालीलाही माहीत नव्हतं ते त्यांनी मला सांगितलं. बाबा मूळ हिंगणीचे. लहानपणीच वडील गेले आणि शिक्षणासाठी त्यांना वर्ध्याला मामाकडे ठेवलं. मामांच्या घरी पाहुण्यांचा राबता मोठा. पंगतीत पाहुण्यांना आग्रह करकरून वाढायचे, नको नको म्हणणाऱ्यांच्या पानात लाडू पडायचे, आणि पंगतीच्या टोकाला बसलेल्या भाच्याला एकदाच वाढलं जायचं. पोरवय, भूक सपाटून लागायची. एकदा धीर करून त्यांनी आणखी एक पोळी मागितली.

"तं मामी भर पंगतीत म्हणे, आपल्या घरी जाऊन मांगजो," सासूबाई म्हणाल्या. "मंग शाळा संपेपर्यंत त्याईनं तिथं काई मांगलं नाई. आमचं लगन झालं, इथं घर केलं, आन् पयल्याच दिवशी मले म्हणे का ताटात जास्त वाढू नको. थोडंच वाढ. मले मांगू दे."

गाय टोपलीचा तळ चाटत होती. सासूबाईंनी तिच्या मानेवर हात फिरवला आणि म्हणाल्या की यांना वाटतं, जो मागतो तो घरचा. दिलेलं खाऊन जो हात जोडतो तो पाहुणा. तुम्ही हात जोडले की यांना रात्री जेवण जात नाही.

दुपारी ताटावर बसलो. नितकोर पोळी, चमचाभर भाजी, लिंबाएवढा भात. झाकणं लागली. "लागन तं मांगजा," बाबा म्हणाले, पण आता त्यात फारशी आशा राहिली नव्हती. मी तुकडा संपवला. इतकी साधी गोष्ट. पण आमच्या सात पिढ्यांत कुणी हे केलं नसेल.

"बाबा, अजून एक पोळी द्या."

झाकणावरचा हात हलला नाही. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. "काय म्हणले?" त्यांनी हळूच विचारलं. मी म्हणालो की पोळी द्या, आणि भाजी पण, आणि वरण, आणि ठेचा जरा जास्त.

बाबांनी डबा उघडला आणि एक अख्खी पोळी माझ्या ताटात ठेवली. त्या घरात मी बघितलेली ती पहिली गोल पोळी. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून, बस स्टँडपर्यंत जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "ऐकलं काय वं? जवाई मांगून राह्यले."

त्या दिवशी गाय फाटकाशी बराच वेळ उभी राहून परत गेली. पुढं माझी मजल अशी गेली की बसमधून उतरतानाच मी काय काय मागणार ते सांगून टाकायचो. बाबा मला दोन पावलं मागे सरकून बघायचे आणि भरल्या गाडीकडे बघावं तसं समाधानानं म्हणायचे, "आता वजन पकडलं."

गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. चार दिवसांचं दुखणं झालं, आम्ही पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. बाबा आमच्याबरोबर यायला तयार झाले नाहीत. स्वतःचं स्वतः करून खायचे. फोनवर वैशाली रोज विचारायची, जेवलात का, आणि ते रोज हो म्हणायचे. एकदा तिनं खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "करतो थोडं, वाढून घेतो. पण मांगू कोणाले?" दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो आणि त्यांना जवळजवळ उचलूनच मिरजेला आणलं.

इथं माझ्या आईचं राज्य. बाबा तिला ईनबाई, म्हणजे विहीणबाई, म्हणतात. आईनं व्याह्यांच्या पाहुणचारात कसूर ठेवली नाही. ताट बोलता बोलता डोंगर व्हायचं. बाबा मान खाली घालून, एक शीत न टाकता, सगळं संपवायचे, हात जोडायचे आणि स्वतःचं ताट स्वतः धुवायचे. इथं बसू का, असं विचारून खुर्चीत बसायचे. सगळ्यात वाईट म्हणजे त्यांनी आल्यापासून कुणाचंही वजन सांगितलं नव्हतं. आमच्या घरी दूध घालायला जो माणूस येतो तो चांगला दरवाजा अडवणारा आहे, पण त्याच्याकडेही त्यांनी नुसतं बघितलं. आठवडा झाला नाही तोच म्हणू लागले की आता जातो, तुम्हाला त्रास नको. पिशवी भरून कॉटखाली ठेवली. आई हिरमुसली. तिला वाटलं आपल्या हाताची चव त्यांना आवडत नाही.

मला मात्र पंगतीच्या टोकाला बसलेलं पोर दिसत होतं. ते आंजीला परत गेलं असतं, रिकाम्या घरात, आणि तिथंही आता मागायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी आईला म्हणालो की आज मी वाढतो, तू बाहेर येऊ नकोस. कसं वाढणार ते सांगितल्यावर ती हबकली. व्याह्यांना चतकोर पोळी? या घरात? लोक काय म्हणतील, तुझे वडील असते तर काय म्हणाले असते. शेवटी ती स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसली.

मी बाथरूममधलं स्टूल पुसून आणलं आणि बाबांच्या समोर बसलो. पोळी तोडली, ती वाकडीतिकडी तुटली. चतकोर तुकडा ठेवला, चमचाभर वांग्याची भाजी, थोडा भात, वरण. झाकणं लावली. डब्याच्या झाकणावर हात ठेवला.

"बाबा, लागन तं मांगजा."

त्यांनी ताटाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग तो तुकडा सावकाश, बारीक घास करून खाल्ला. संपला. ते थांबले. मीही थांबलो. वैशाली दारात उभी होती आणि तिनं पदराचं टोक तोंडात धरलं होतं. स्वयंपाकघरातून आईच्या बांगड्या वाजल्या. मला वाटत होतं की झाकण उघडावं आणि सगळा डबा त्यांच्या ताटात ओतावा. झाकणावर हात ठेवून बसणाऱ्याचं काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं हा माणूस माझ्यासमोर असा बसत होता.

बाबांचे हात जोडण्यासाठी वर आले. अर्ध्यावर थांबले. ते खाली बघत, अगदी बारीक आवाजात म्हणाले, "जवाईबुवा, एक पोळी देजा."

मी अख्खी वाढली. त्यांनी भाजी मागितली, भाजी वाढली. वरण मागितलं. मग मान वर करून म्हणाले की पोळी तोडायला शिका जी, हा चतकोर नव्हता, चांगला तोळाभर जास्त होता.

एवढं ऐकल्यावर आईला कसं राहवणार. ती आतून तुपाचं भांडं, लाडवांचा डबा आणि पोळ्यांची अख्खी चवड घेऊन धावत आली आणि व्याह्यांच्या ताटावर वाकली. बाबांनी ताटावर आडवा हात धरला.

"थांबा जी, ईनबाई," ते म्हणाले. "मले मांगू द्या."